सत्ता फिरते तेव्हा मागे काय उरते : १९७१ ते १९८०

विचारासाठी भारतीय राजकारणातील १९७१ ते १९८० हा कालखंड ठेवावासा वाटतो, कारण सत्ता किती झपाट्याने फिरते हे त्यात दिसतेच, पण ती का फिरते याची कारणेही त्यातच सापडतात.

१९७१ मध्ये इंदिरा गांधी यांच्या काँग्रेसने लोकसभेच्या ३५२ जागा जिंकल्या आणि वर्षअखेरीस बांगलादेश युद्धातील विजयामुळे त्यांचे स्थान अढळ भासू लागले. मात्र रायबरेलीत त्यांच्याकडून लाखाहून अधिक मतांनी हरलेले राजनारायण न्यायालयात गेले, आणि १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने, प्रचारात सरकारी यंत्रणा वापरल्याच्या कारणावरून, ती निवड रद्द करून सहा वर्षांची अपात्रताही लादली. २५ जूनच्या रात्री आणीबाणी पुकारली गेली. विरोधी नेते स्थानबद्ध झाले, म्हणजे खटला न चालवताच त्यांना कैदेत ठेवले गेले. मार्च १९७७ मध्ये त्याच राजनारायण यांनी त्याच रायबरेलीत पंतप्रधानांना ५५ हजारांहून अधिक मतांनी हरवले आणि स्थानबद्धतेतून सुटलेले जनता पक्षाचे मोरारजी देसाई पंतप्रधान झाले.

या उलथापालथीत मतांचे प्रमाण मात्र जागांइतके बदलले नव्हते. काँग्रेसची मते सुमारे ४४ टक्क्यांवरून साडेचौतीस टक्क्यांवर आली, तर जागा ३५२ वरून १५४ वर घसरल्या. कारण मतदारसंघात सर्वाधिक मते मिळवणारा एकटाच निवडून येतो अशा पद्धतीत, विरोधकांची विखुरलेली मते एकत्र आली की थोड्या मतदारांचा कौलही शेकडो जागा फिरवतो. विजेत्याला जनता संपूर्णपणे आपल्यामागे असल्याचा जो भास होतो, तो बहुधा याच गणितातून जन्मतो, आणि तो भास जनता पक्षालाही चुकला नाही.

डिसेंबर १९७८ मध्ये सभागृहाच्या हक्कभंगावरून, पुन्हा निवडून आलेल्या इंदिरा गांधींना लोकसभेतून काढून तिहार तुरुंगात पाठवण्यात आले. त्यानंतर सात महिन्यांत मोरारजींचे सरकार कोसळले. त्याच्यावरील अविश्वासाचा ठराव यशवंतराव चव्हाणांनी मांडला होता, आणि पुढच्याच सरकारात ते उपपंतप्रधान झाले. त्या सरकारचे प्रमुख चरणसिंग यांना दिलेला पाठिंबा इंदिरा गांधींच्या काँग्रेसने काढून घेतल्याने त्यांना लोकसभेला सामोरे न जाताच राजीनामा द्यावा लागला, आणि जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी ३५३ जागांनिशी परतल्या.

अंतर्गत कलहाने पोखरलेल्या या जनता राजवटीची हेटाळणी करणे सोपे आहे, पण तिच्याच काळात चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली, हे विसरणे अन्यायाचे ठरेल. १९७५ मध्ये आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाल्यानंतरच, दुसऱ्या दिवशी सकाळी, मंत्रिमंडळाला ती कळली होती. या दुरुस्तीने मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा केला, ‘अंतर्गत अशांतता’ या सैल कारणाऐवजी ‘सशस्त्र बंड’ हे कारण घातले आणि आणीबाणीतही जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क न्यायालयात मागता येईल अशी तजवीज केली. १९८० मध्ये सत्ता पुन्हा फिरली तरी ही कलमे कायम राहिली, आणि तेव्हापासून आजवर आलेल्या एकाही सरकारने देशव्यापी आणीबाणी पुकारलेली नाही.