सिस्टरची पाळी
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला आज ‘सेवाभाव’ या विषयावर बोलायला सांगितलंय. मी गिरणी कामगार. शाळा सातवीला सुटली, बाकी जे शिकलो ते साच्यावर उभं राहून आणि रात्री वाचनालयात बसून. म्हणून सेवाभाव म्हटलं की मी आधी पाळी विचारतो. किती तासांची? किती माणसांमागे किती हात?

आपल्या परळच्या केईएममध्ये अरुणा शानबाग ही परिचारिका होती. मूळची कर्नाटकातल्या हळदीपूरची. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हॉस्पिटलातच एका वॉर्डबॉयने तिच्यावर हल्ला केला, कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला. मेंदूचा प्राणवायू तुटला आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. १८ मे २०१५ रोजी न्युमोनियाने गेली. म्हणजे जवळपास ४२ वर्षं. आता हिशेब करा. एकविसाव्या वर्षी लागलेली सिस्टर अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाली, तर तिची नोकरी भरते ३७ वर्षं. एका सिस्टरची अख्खी नोकरी त्या एका खाटेला पुरली नाही!

२०११ साली सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. दयामरणाचा अर्ज कोर्टाने नाकारला आणि तिच्या वतीने बोलायचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. ते निकालपत्र मी डिक्शनरी घेऊन आठवडाभर वाचलं. त्यात मोठमोठा कायदा आहे, पण मी अडकलो साध्या गोष्टींवर. तिला मासे आवडायचे, सूप आवडायचं, हे तिथे लिहिलंय. एक निवृत्त परिचारिका, जी नोकरीत असताना अरुणाचं करत होती, ती पगाराशिवाय यापुढेही करायला तयार होती, हेही लिहिलंय.

लोक म्हणतात, देवमाणसं. मला तो शब्द पटत नाही. इतकी वर्षं पडून असलेल्या बाईच्या पाठीला जखमा होऊ दिल्या नाहीत, ही पुण्याई नव्हे, हे काम आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाच, माकडहाड, खांदा बघायचा, चादरीला चुणी राहू द्यायची नाही. आणि पाळी संपली की पुढचीला ‘ओव्हर’ द्यायची: काय खाल्लं, ताप किती, कुठे लाली दिसली. आम्हीही पुढच्या पाळीला तुटका धागा सांगून जायचो. ऐंशीच्या दशकात पालिका अरुणाला तिथून हलवायला निघाली, तेव्हा याच सिस्टरांनी आंदोलन करून ते थांबवलं. ही आपली कामगार चळवळ नव्हे तर काय?

आता एक कबुली देतो. आमच्या वहिनी १९८५ ला नर्स म्हणून लागल्या. आधी बाळंतपणाचा वॉर्ड, मग सर्जरी, मग लहान मुलं, मग आयसीयू. दर बदलीला नव्याने शिकायचं. शेवटी कोविडचा वॉर्ड, आणि २०२२ ला निवृत्त. मी गेटसभेत आठ तासांच्या पाळीवर भाषणं ठोकायचो आणि त्या नाईट करून आल्या, की चाळीतली माणसं सुया घेऊन दारात उभी. चहा पिऊन होईस्तोवर तिघांना इंजेक्शन. त्या रांगेत आमची आई असायची, मीही असायचो. बाईंना झोप लागते का, हे मी एकदाही विचारलं नाही. युनियनवाला माणूस!

भगवंतांनी आनंदासोबत आजारी भिक्षूला स्वतःच्या हातांनी धुतलं, ही गोष्ट आपण या विहारात दरवर्षी ऐकतो. त्या भिक्षूकडे इतरांनी पाठ का फिरवली होती, हे मात्र आपण भरभर वाचून पुढे जातो.

वहिनी आज सभेला नाहीत. आठवड्यातले तीन दिवस दादरला एका आजीकडे रात्रपाळी करतात. पेन्शन आहे, पण हात स्वस्थ बसत नाहीत, आणि पैसे लागतात हेही खरंच. त्यांनी निरोप दिलाय. प्रत्येक घरात आता कोणीतरी अंथरुणाला आहे, म्हणून येत्या रविवारी चार वाजता, झोप झाल्यावर, त्या इथेच कूस कशी बदलायची ते दाखवतील. येताना एक जुनी चादर आणि दोन उशा आणा. आणि पुरुषांनीही यायचंय, असं त्यांनी मुद्दाम सांगितलंय.