हातात एक्क्यांची जोडी आणि खेळ नुकताच सुरू झालाय

मागे खटखट ऐकू येतेय ना, तो शेजारच्या घरातला माग आहे. आज आंधळगावला घरी बसून रेकॉर्ड करतोय आणि आमच्या गावात कोशाचं विणकाम माईक बघून थांबत नाही. सहन करा.

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवला. पोकर टूर्नामेंटच्या अगदी सुरुवातीला भारी पत्ते आले तर काय करायचं? लपवून बसायचं की मारायचं? उत्तर देतो, पण आधी मी काय केलं होतं ते सांगतो. ते तसं सांगण्यासारखं नाही, तरी सांगतो.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका ॲपवर पाचशे रुपयांची टूर्नामेंट. दहा हजार चिप्स, ब्लाइंड ५०-१००, म्हणजे मोठ्या ब्लाइंडच्या शंभरपट माल हातात. पहिल्याच डावात मला इस्पिकचा एक्का आणि किलवरचा एक्का. हा हात सरासरी २२१ डावांत एकदा येतो. माझे हात थरथरत होते, खरंच. आणि मी काय केलं? गुपचूप १०० टाकून कॉल. म्हटलं, येऊ दे सगळ्यांना, मग सगळ्यांचं घेतो.

ही सवय कुठून आली, सांगू? तीन पत्तीतून. आपल्याकडे दिवाळी झाली, भाऊबीज झाली की गावोगावी मंडई भरते. रात्री नाटक असतं आणि नाटकाला वेळ असला की पोट्टे कुठेतरी पत्ते घेऊन बसतात. आपण सगळे तिथंच शिकलो. तीन पत्तीत हातात आलं ते शेवटपर्यंत तेच. तीन एक्के आले तर ते तीन एक्केच राहतात. मग चेहरा पाडून, हळूहळू चाल वाढवत समोरच्याला आत ओढायचं, यात शहाणपण आहे.

पोकरमध्ये तसं नाही भाऊ. तुमच्या दोन पत्त्यांनंतर टेबलावर अजून पाच पत्ते यायचेत आणि ते सगळ्यांचे आहेत. एक्क्यांची जोडी एका माणसासमोर, त्याच्याकडे काहीही असो, शंभरातून ८५ वेळा जिंकते. दोघांसमोर ७३. तिघांसमोर ६४. पाच जण आत आले की ४९. अर्ध्याहून कमी! म्हणजे जगातला सगळ्यात भारी हात मी स्वतःच्या हातानं नाणेफेकीवर आणून ठेवला होता, कारण आम्ही माझ्यासकट सहा जण आत होतो.

फ्लॉप आला: बदामाची नव्वी, बदामाची अठ्ठी, किलवरची तिर्री. मोठ्या ब्लाइंडवाल्यानं बेट मारली. त्याच्याकडे नव्वी-अठ्ठी होती. मी रेझ केली असती तर हे पत्ते त्यानं बहुतेक टाकले असते, पण मी त्याला फुकटात फ्लॉप दाखवला. मला मात्र माझे एक्केच दिसत होते. त्यानं वाढवलं, मी ऑल-इन. सहाशेच्या पॉटसाठी ९,९०० चिप्स. गेलो.

आणि मग खाली ते बटण. पुन्हा एंट्री, पाचशे रुपये. आता वाटतं, सुरुवातीला सगळे इतके बेफिकीर का खेळतात, त्याचं अर्धं उत्तर त्या बटणात होतं. गेलो तर परत येऊ! तीन रात्रींत आठ एंट्र्या. चार हजार. ते आईनं फीसाठी दिलेले होते. तिला मी काय सांगितलं ते इथं नाही सांगत, पण ते खोटं होतं. मागावर बसून पैसे कसे येतात ते मला माहीत होतं आणि तरीही.

असो. तर सुरुवातीला खेळायचं कसं?

एक्के, बादशहा, राण्या आल्या की रेझ करा. मोठ्या ब्लाइंडच्या तीन-चार पट. टेबल सगळंच कॉल करणारं असेल तर अजून जास्त. हेतू दोन: पॉट वाढवायचा आणि गर्दी कमी करायची. एक-दोन जणांशीच लढायचं. एक्का-बादशहा दिसायला लय देखणा, पण ती अजून जोडी नाही. फ्लॉपवर त्याची जोडी साधारण तीनातून एकदा लागते. रेझ जरूर करा, पण लागलं नाही तर जीव अडकवू नका.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. शंभरपट चिप्स असताना नुसत्या एका जोडीवर सगळा स्टॅक लावायचा नाही. या टप्प्यात समोरचा संपूर्ण स्टॅक आत ढकलायला तयार असेल, तर बहुतेक वेळा त्याच्याकडे जोडीहून जास्त काहीतरी असतं. आणि चिप्स दुप्पट झाल्या म्हणून तुमची बक्षिसाची शक्यता दुप्पट होत नाही, शून्य झाल्या तर मात्र घरी.

गेल्या मंडईला आम्ही आठ जण बसलो होतो. पैसे नाहीत. जो पहिला बाद होईल त्यानं सगळ्यांना तर्री-पोहे खिलवायचे, एवढंच. चिप्स म्हणून चिंचोके आणि शर्टाची बटणं. माझ्या मावसभावाला लवकरच राण्यांची जोडी आली. ३०० ची रेझ, एकच कॉल, बाकी सगळे बाहेर. फ्लॉप: बादशहा, सत्ती, दुर्री. राण्या असताना फ्लॉपवर एक्का किंवा बादशहा येणं हे शंभरातून ४१ वेळा होतं, त्यात रडण्यासारखं काही नाही. त्यानं ४०० मारले, कॉल आला. टर्नवर चौकी. तो थांबला, समोरच्यानं हजार टाकले. पोट्टा दोन मिनिटं राण्यांकडे बघत बसला आणि टाकून दिल्या. ७०० गेले, ९,३०० उरले. समोरच्याकडे खरंच बादशहा होता का? त्यानं अजून सांगितलेलं नाही. पण माझ्या मते फोल्ड बरोबर होता.

कधी कधी मात्र काहीच करता येत नाही, हेही ऐका. व्हेनेसा सेल्ब्स्ट, वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची तीन ब्रेसलेट्स जिंकलेली खेळाडू. २०१७ च्या मेन इव्हेंटला, दहा हजार डॉलरची एंट्री, पहिल्याच लेव्हलमध्ये तिला एक्के आले. फ्लॉपवर तिसरा एक्का आला, पुढे फुल हाऊस झाला. समोर गाएल बॉमान, तिच्याकडे चार सत्त्या. सेल्ब्स्ट बाहेर. यातून शिकायला जाऊ नका, तीन एक्के आणि दोन सत्त्या कोण टाकतो?

ॲपबद्दल विचारणाऱ्यांसाठी: २२ ऑगस्ट २०२५ ला ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ देशभर बंद झाले. पोकर, रमी, सगळे. कुणी टेलिग्रामवर लिंक पाठवत असेल तर ती उघडू नका, तिथं पैसे अडकले तर दाद मागणार कुणाकडे? खरी टेबलं गोव्यात आहेत, मांडवीवरच्या कॅसिनोत, तेही एकवीस वर्षं पूर्ण असतील तर. मी गेलेलो नाही. चिंचोक्यांवर भागतंय.

हां, त्या रात्री मलाही एक्के आले. बरोबर त्याच रंगाचे, इस्पिक आणि किलवर. ब्लाइंड ५०-१०० च होते. मी ४०० टाकले. एकेक करत सगळ्यांनी पत्ते फेकले. मिळाले किती? दीडशे. मी एक्के उघडून दाखवले तर मावसभाऊ ओरडला, "अबे, एवढ्या भारी हातावर दीडशे चिंचोके?" सगळे हसले. मी ते दीडशे मोजून ढिगात टाकले आणि पुढचे पत्ते पिसायला घेतले.

पोहे कुणी खिलवले ते पुढच्या भागात. तुमचा एखादा फसलेला डाव असेल तर व्हॉइस नोट पाठवा, नाव नाही घेणार.