बर्फावरच्या मोटारसायकलीचा पुढचा पाय



या व्यासपीठावर आम्ही मागे दोनदा बोललो, तेव्हा विषय कामाचे तास आणि भविष्यनिर्वाह निधी हे होते. यंदा चिटणिसांनी एखाद्या यंत्राविषयी बोलण्याची आज्ञा केली आणि आमचा विषय ऐकून ते क्षणभर गप्पच झाले. वैशाखाच्या उकाड्यात पंख्याने वारा घेत बसलेल्या मंडळींस बर्फावर चालणाऱ्या मोटारसायकलीची हकीकत सांगणे म्हणजे थोडा वेडेपणाच. ते वाहन आम्ही कधी चालविलेले नाही. बर्फ पाहिला तोही रसवंतीतल्या गोणपाटाखालचा. परंतु त्या वाहनाचा पुढचा पाय, ज्यास कारखान्यात फोर्क म्हणतात, तो आमच्या ओळखीचा आहे. फोर्कमध्ये तेल भरण्यात आणि सील बसविण्यात आमची अकरा वर्षे गेली. संघटनेचे काम गळ्यात पडले ते त्यानंतर.

अमेरिकेतील आयडाहो राज्यात सँडपॉइंट नावाचे गाव आहे. तेथील टिंबरस्लेड या कंपनीने मोटारसायकल बर्फावर नेण्याचे साहित्य बनवून नाव मिळविले, आणि २०१५ साली पोलारिस या मोठ्या कंपनीने ती विकत घेतली. २०१७ साली कोलोरॅडोतील ॲस्पेन येथे एक्स गेम्समध्ये या वाहनांची शर्यतही झाली. करणी अशी असते: मातीच्या शर्यतीची मोटारसायकल घ्यायची, तिचे पुढचे चाक काढून तेथे एक रुंद स्की, म्हणजे घसरती पट्टी, लावायची, मागचे चाक काढून तेथे रणगाड्यासारखा फिरणारा लांब रबरी पट्टा बसवायचा. इंजिन, टाकी, हँडल आणि पुढचा फोर्क मूळचेच राहतात. वजन वाढले, रस्ता बदलला, पट्टा आला, स्की आली. फोर्कला मात्र कोणी विचारले नाही. आमच्या कारखानदारीत नवे यंत्र येते आणि त्याच जुन्या माणसाला त्याच्यापुढे उभे करतात, त्यातलाच हा प्रकार.

आता या फोर्कवर काय गुदरते ते पाहू. टायरमध्ये हवा असते आणि वाटेतले लहानसहान खडे तो टायरच गिळतो. स्कीला टायर नाही. सारे थेट फोर्ककडे येते. खोल बर्फात चालकाने गती एकदम कमी केली की बर्फ वाहनाला मागून धरून ठेवतो आणि भार पुढे झुकतो. उडी मारून गोठलेल्या कठीण थरावर उतरावे, तर सुमारे ३०० मिलिमीटरची सारी चाल संपते आणि फोर्क तळाला आपटतो. धक्का काही नाहीसा होत नसतो. स्प्रिंगने आणि तेलाने तो सोसला नाही, तर तो मनगटाने, कोपराने आणि खांद्याने सोसावा लागतो. वर्षानुवर्षे थरथरणारी हत्यारे धरून बोटे पांढरी व बधिर झालेली माणसे आम्ही पाहिली आहेत, म्हणून हा मुद्दा आम्हांस खेळातला वाटत नाही.

सोपा उपाय म्हणाल तर कडक स्प्रिंग घालावी. पण कडक स्प्रिंग पहिल्या बोटापासूनच कडक असते. मोठी उडी निभते, आणि दिवसभराची बारीक खडखड हातात उतरते. येथे हवेची मदत कामास येते. स्प्रिंग काढायची नाही. फोर्कच्या वरच्या झाकणात टायरला असतो तसा एक व्हॉल्व्ह बसवायचा आणि तेलाच्या वर जी मोकळी जागा असते तिच्यात थोडी हवा भरायची. काही जण दोन्ही पाय नळीने जोडतात, म्हणजे दाब सारखा राहतो.

थोडा हिशेब करू. तो बाजारहाटाच्या हिशेबाहून अवघड नाही. एका पायातील स्प्रिंग दर मिलिमीटरला ०.४८ किलो जोर देते असे धरा. निम्म्या चालीवर, म्हणजे १५० मिलिमीटरवर, ती ७२ किलो देईल आणि ३०० वर १४४ किलो. दुप्पट दाबली की दुप्पट, एवढाच तिचा स्वभाव. आता हवा. नळीचा व्यास ४८ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे १८ चौरस सेंटिमीटर. गेजवर दर चौरस सेंटिमीटरला १ किलो दाब भरला तर प्रारंभी १८ किलो जोर मिळतो. बाहेरच्या हवेचा १ किलो धरून आतला खरा दाब २ किलो झाला. रॉबर्ट बॉइल याने १६६२ साली जो नियम प्रसिद्ध केला, त्याप्रमाणे जागा निम्मी झाली की दाब दुप्पट होतो. समजा, पूर्ण चालीत हवेची जागा एकतृतीयांश उरते. निम्म्या चालीवर खरा दाब ३ होईल, गेजवर २, आणि जोर ३६ किलो. तळाशी खरा दाब ६, गेजवर ५, आणि जोर ९० किलो! पहिल्या अर्ध्या चालीत हवेने १८ किलोंची भर घातली आणि दुसऱ्या अर्ध्यात ५४ किलोंची. शिवाय आघात अचानक असेल तर दबलेली हवा तापते आणि जोर याहूनही वाढतो. वर मऊ, खाली घट्ट. हवे होते ते हेच.

आतली जागा किती ठेवायची हे तेलाच्या पातळीवर ठरते. तेल थोडे जास्त भरले की हवेची जागा आटते आणि शेवटची घट्टाई झपाट्याने चढते. आम्ही तेलाची पातळी मोजपट्टीने मिलिमीटरपर्यंत पाहत असू, आणि नवी पोरे त्या काटेकोरपणाला हसत. हवा भरायची झाली तर त्या मिलिमीटरांचे मोल कळते.

मदतनीस म्हणून आलेल्याकडून कायमच्या माणसाचे सगळे काम करवून घ्यायचे, ही खोड मालकांना असते तशी हौशी चालकांनाही असते. स्प्रिंग वजनाच्या मानाने नरम आहे, तर ती बदलण्याऐवजी हवाच चढवीत जायचे. मग फोर्क पहिल्यापासून ताठ होतो, लहान धक्क्याला हलतच नाही, आणि दबलेली हवा वाहनाला जोराने वर फेकते. हवा वाढवली की उसळी आवरणारा तेलाचा रोधही थोडा वाढवावा लागतो. तेवढे न करता कोणी फोर्कला नावे ठेवील तर तो फोर्कवर अन्याय आहे.

आता सीलविषयी, कारण सारा भार शेवटी त्या रबरी कड्यावर येतो. आमच्या कारखान्यात एकदा सीलमधून तेल गळणारे फोर्क लागोपाठ परत येऊ लागले. वरिष्ठांनी ठरविले की कामगार निष्काळजी आहेत, आणि सहा जणांच्या पगारातून नुकसान कापले. आम्ही तेव्हा नववी नापास. पण सार्वजनिक वाचनालयातून यंत्रांची पुस्तके आणून वाचीत असू. सील ज्या टोपीवरून सरकवून बसवतात ती टोपी हाती घेऊन आम्ही तिच्या कडेवर नख फिरविले. कडेला केसाएवढी धार आली होती आणि ती प्रत्येक सीलची ओठपट्टी कापीत होती. टोपी बदलली, गळती थांबली. कापलेले पैसे मिळायला मात्र आठ महिने आणि एक धरणे लागले. बर्फातल्या फोर्कवर ही धार रोज तयार होते. आजचे शर्यतीचे फोर्क उलटे असतात, म्हणजे चकचकीत नळी खाली, स्कीजवळ. तिच्यावर बर्फ गोठतो आणि फोर्क दबला की तो सीलवर घासतो. थंडीने रबरही ताठर झालेले असते. पूर्वी त्या सीलला तेल राखायचे होते, आता दाबाची हवाही राखायची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात डाउटी यांचे हवेवर चालणारे फोर्क पँथर व वेलोसेट गाड्यांवर आले. त्यांत स्प्रिंग नव्हतीच; सील गेले की गाडीचे तोंड खाली बसे. स्प्रिंग ठेवून हवा फक्त मदतीला घेतलेली असली, तर सील फुटूनही चालक डोंगरातून परत येऊ शकतो. रस्ता मैलोगणती दूर आणि वर हिमकडे कोसळण्याचे भय, अशा ठिकाणी हा फरक मोठा आहे.

थंडी हवेलाही फसवते. घराच्या उबेत, २० अंशांवर, कोणी १ किलो हवा भरली आणि वाहन उणे २० अंशांत नेले, तर खरा दाब सुमारे एकसप्तमांशाने घटतो. हे थोडेच वाटते. परंतु बाहेरच्या हवेचा दाब वजा केला की गेजवर पाऊण किलोही उरत नाही. उलट, डोंगर दीड हजार मीटर चढला की बाहेरची हवा विरळ होते आणि गेज थोडे वर सरकते. म्हणून हवा घरी भरू नये. वाहन बाहेर तासभर निवू द्यावे, स्टँडवर चढवून स्की अधांतरी ठेवावी, फोर्क पूर्ण ताणलेला असावा, आणि मग लहान हातपंपाने भरावे. पंप पुन्हा जोडला की त्याची नळी भरण्यात थोडी हवा जाते आणि गेज कमी दाखवते. त्यास गळती समजून घाबरू नये. झाकण मात्र आधी सगळी हवा सोडल्याशिवाय कधी उघडू नये. आणि प्रत्येक फोर्कची घडण बाहेरून हवा घेण्याजोगी नसते, हे व्हॉल्व्ह बसविण्यापूर्वी पाहावे.

प्रारंभी हवा मुळीच न भरता एक फेरी करावी, नळीवर रबरी कडी चढवून फोर्क किती दबतो ते पाहावे, आणि मग थोडी थोडी हवा वाढवावी. आमच्या बाकावरचे जुने मिस्त्री कडीऐवजी बोटाने ग्रीसची रेघ ओढीत. उणे २० अंशांत ती रेघ टिकेल की नाही, हे तेथल्या मंडळींनीच पाहावे.