लोह चिलेट : नाव वाचून घ्या



चुनखडीच्या जमिनीत लोह असते. पण सामू ८ च्या आसपास असल्याने ते विरघळत नाही. मग कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. अशा जमिनीत टाकलेले फेरस सल्फेटही लवकरच अडकून पडते.

यासाठी शास्त्रज्ञांनी चिलेट तयार केले. हा रेणू खेकड्याच्या नांगीसारखा लोहाला धरून ठेवतो व मुळांजवळ मोकळे करतो.

मात्र सर्वांची पकड सारखी नसते. ईडीटीएची पकड सामू ६.५ च्या पुढे सैल होते व लोहाची जागा कॅल्शियम घेते. म्हणून ते फवारणीतून द्यावे. जमिनीतून देण्यासाठी ईडीडीएचए घ्यावे. त्याची पकड सामू ९ पर्यंत टिकते.

आधी माती तपासा, पुड्यावरील नाव वाचा. नाहीतर पैसा मातीत जाईल.