झोपेची गोळी की कौन्सिलला फोन?
(ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यातील भाषण)

महाप्रसादाला उशीर होऊ देणार नाही.

निवृत्त झालो तरी देवळाबाहेर चपला घालताना कुणीतरी विचारतंच, "डॉक्टर, झोपेची एखादी चांगली गोळी सांगा ना." खोदून विचारलं की कळतं, शेजारी रात्री दोनपर्यंत गाणी चालू असतात. मग गोळी तुम्ही का घ्यायची? या वयात झोपेच्या गोळीने रात्री उठताना तोल जातो, आणि खुब्याचं हाड मोडलं की पुढे काय होतं ते तुम्ही पाहिलेलं आहे. रोजच्या आवाजाने रक्तदाबही वाढतो, तो निराळाच.

"उगाच वाईटपणा कशाला?" हे मला समजतं. आधी शेजाऱ्याशी दिवसाउजेडी गोडीने बोला. भिंत इतकी पातळ आहे याची पुष्कळांना कल्पनाच नसते. भीती वाटत असेल तर मात्र त्याचं दार वाजवू नका.

नाहीच ऐकलं, तर कौन्सिलच्या एन्व्हायर्नमेंटल हेल्थ विभागाला कळवा. तक्रारीची चौकशी करणं १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याने त्यांच्यावर बंधनकारक आहे. ते उपकार करत नाहीत. शेजारी हाउसिंग असोसिएशनच्या घरात राहत असेल तर तिथेही कळवा. धमकी किंवा मारामारी असेल तर थेट पोलीस.

पण नुसतं "फार त्रास होतो" म्हणून भागत नाही. वही ठेवा. "मंगळवार, रात्री ११.४० ते २.१०, गाण्याचे ठोके, निजायच्या खोलीत, दोनदा जाग आली." अशा दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी असल्या की अधिकाऱ्याला काम करता येतं. त्याला पटलं तर तो नोटीस काढतो, आणि सबळ कारणाशिवाय नोटीस मोडणं हा गुन्हा आहे. बाळाचं रडणं, वरच्या मजल्यावरची पावलं यांवर मात्र सहसा काही होत नाही. ते सोसावंच लागतं.

आणि हो, कायदा आपल्यालाही तोच. गणपतीत आपले ढोल वाजतात तेव्हा मागच्या घरांतही कुणी म्हातारं माणूस झोपायला बघत असतं. कार्यकर्त्यांनी दहा वाजता लाउडस्पीकर बंद करावा, असं मी समितीला सांगितलं आहे.

वही मराठीत लिहिलीत तरी चालेल. ती इंग्रजीत उतरवायला, फोनवर शेजारी बसायला आम्हाला चार तरुण स्वयंसेवक हवे आहेत. ज्यांना जमेल त्यांनी, आणि ज्यांना मदत हवी त्यांनीही, आरतीनंतर कार्यालयात नाव द्यावं. मी तिथेच बसलेलो आहे.