शुद्धिपत्राचे मोल

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यात जेऊर हे गाव आहे. मुंबईकडून निघालेला लोहमार्ग १८६० साली सोलापुरास पोहोचला. त्या मार्गावरील हे एक स्थानक. करमाळ्यास जाणारा उतारू येथेच उतरतो. अशा स्थानकांच्या कामकाजात एक जुनी शिस्त आहे. शेजारच्या स्थानकाकडे गाडी सोडावयाची, म्हणजे दोन्हीकडचे मास्तर एकमेकांशी थेट बोलतात. ‘लाइन क्लिअर’ मागितली जाते व दिली जाते. आणि अनेक प्रसंगी तिच्याबरोबर एक खासगी अंकही सांगितला जातो, तो वहीत नोंदला जातो. जेथे दोघे समोरासमोर नाहीत, तेथे विश्वासाचा सारा भार त्या नोंदीच्या अचूकपणावर पडतो.

हीच गोष्ट आजच्या एका नव्या क्षेत्रासही लागू आहे. दोन माणसांच्या फोनमध्ये जो संदेशव्यवहार चालतो, तो बहुधा कोण्या मोठ्या कंपनीच्या यंत्रागारातून जातो. एकाने लिहिलेले पत्र प्रथम तेथे पोहोचते, मग तेथून ते दुसऱ्याकडे जाते. परंतु याहून वेगळी अशीही एक रचना आहे. तिच्यात मध्ये कचेरी नसते. एकाचे यंत्र दुसऱ्याच्या यंत्राशी थेट जोडले जाते. इंग्रजीतून आलेला ‘पीअर-टू-पीअर’ हा शब्द तिला लावतात; त्याचा अर्थ बरोबरीच्यांचा परस्पर व्यवहार, इतकाच.

‘जामी’ हे या जातीचे एक संदेश-साधन. कॅनडातील माँट्रियल शहरी ते तयार होते, आणि २०१८ च्या अखेरीस त्याने हे नाव धारण केले. त्याची घडण सर्वांस पाहण्यास व सुधारण्यास मोकळी आहे. म्हणूनच अशा साधनांस मुक्तस्रोत म्हणतात. त्यात सभासदांच्या पत्त्यांची वही एका ठिकाणी ठेवलेली नसून तिची पाने जणू अनेक सभासदांच्या यंत्रांत वाटून दिलेली असतात. प्रत्येक सभासदास ४० अक्षरांची एक ओळखखूण मिळते. तिच्यातील एक अक्षर चुकले, तर पत्र शेजाऱ्याकडेही जात नाही. ते कोठेच जात नाही.

मध्ये कचेरी नाही, याचा लाभ उघड आहे: कोणी पत्रे चाळून पाहत नाही. परंतु त्याच कारणाने एक उणीवही येते. कचेरी नाही म्हणजे खिडकी नाही, आणि खिडकी नाही म्हणजे विचारावयास कारकूनही नाही. ‘जामी’चे खाते सभासदाच्या स्वतःच्या यंत्रात असते. त्याची प्रत काढून ठेवली नाही आणि यंत्र हरवले, तर खातेही गेले. परवलीचा शब्द विसरला, तर तो परत मिळवून देणारा कोणी नाही. मग नवख्या माणसाने विचारावे कोणास? त्याच्यापुढे एकच आधार उरतो: त्या साधनाबरोबर दिलेले माहितीपत्र. जेथे कचेरी नाही, तेथे माहितीपत्र हेच कचेरी होय.

आता कल्पना करावी की, कोणी सज्जनाने असे माहितीपत्र मराठीत उतरविले आहे. त्यात एक वाक्य असावयास हवे: ‘परवलीचा शब्द विसरल्यास तो परत मिळत नाही.’ टंकलेखनाच्या घाईत ‘नाही’ हा शब्द गळला, आणि ‘मिळत’च्या जागी ‘मिळतो’ झाले. व्याकरणाने वाक्य निर्दोष. अर्थाने मात्र उलटे. जेऊरचा एखादा केळीबागाईतदार ते वाचतो, निर्धास्त होतो, आणि पुण्यास शिकणाऱ्या मुलीशी त्याच साधनावरून बोलू लागतो. एके दिवशी शब्द आठवत नाही. त्याने माहितीपत्रावर विश्वास ठेवला, हाच काय तो त्याचा दोष. मुलीची सारी पत्रे त्याच्याच फोनमध्ये आहेत, आणि तरीही ती त्याला उघडता येत नाहीत. अशा वेळी ‘ही केवळ छपाईची चूक’ असे कोण म्हणू शकेल?

मराठीत तर चुकीला वाटा पुष्कळ. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत एका वेलांटीचे अंतर. एक दिवस, दुसरा दुबळा. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली लेखनाचे १४ नियम ठरविले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ घातले; तरीही शाळेत ह्रस्व-दीर्घाच्या लाल खुणा काही कमी झाल्या नाहीत. परंतु वाचणारा माणूस ‘दीन’च्या जागी ‘दिन’ पाहून मनाशी दुरुस्ती करून घेतो. यंत्राला ते साधत नाही. माहितीपत्रात यंत्रास द्यावयाची आज्ञा छापली असेल आणि तिच्यातील एक आडवी रेघ गळली असेल, तर यंत्र कुरकुर न करता भलतेच करून बसते, किंवा काहीच करीत नाही.

चूक वेळीच काढली नाही, तर ती कायमची होते, याचेही उदाहरण संगणकाच्या जगात आहे. एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना, वाचक कोठून आला हे सांगणारा एक शब्द संगणक परस्परांस कळवितात. इंग्रजीत ‘रेफरर’ लिहिताना मध्ये ‘आर’ हे अक्षर दोनदा यावयास हवे. मूळ लेखात ते एकदाच पडले. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या नियमपत्रात तो शब्द तसाच आला. तोपर्यंत असंख्य यंत्रे त्या चुकीच्या रूपास सरावली होती. शुद्ध करावे तर यंत्रे अडणार. म्हणून अशुद्ध रूपच आजतागायत प्रमाण होऊन बसले आहे. दुरुस्तीलाही मुहूर्त असतो; तो टळला की अपशब्दच शास्त्र होतो.

मराठी माणसास दुरुस्तीची ही विद्या नवी नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये सिद्ध झाली. पुढे सुमारे ३०० वर्षे ती हातोहात उतरविली गेली आणि नकलाकारांच्या हातून पाठ बिघडत गेले. पैठणच्या एकनाथमहाराजांनी शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. स्वतः थोर कवी असूनही त्यांनी त्या ग्रंथात आपली भर घातली नाही. उलट, कोणी आपल्या पदरची ओवी तीत मिसळू नये, अशी निक्षून सूचना दिली. शुद्धी करणाराचा धर्म याहून नेमका सांगता येणार नाही. ग्रंथ दुसऱ्याचा आहे. आपले काम त्यावरची धूळ पुसण्याचे, नवा रंग देण्याचे नव्हे.

मुक्तस्रोत साधनांच्या माहितीपत्रांत हाच धर्म चालतो. तेथे कोणासही दुरुस्ती सुचविता येते. सुचविणाराने आधी काय होते, आता काय केले आणि का केले, हे एका ओळीत लिहावयाचे. मूळ मंडळींपैकी कोणी ते तपासून मान्य करावयाचे. २००५ साली लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी निर्माण केलेल्या ‘गिट’ या साधनाच्या योगे जुना पाठ नष्ट होत नाही. तो नाव-तारखेसह नोंदीत राहतो. एकनाथांच्या काळी अशी वही असती, तर किती पाठभेदांचे वाद मिटले असते!

परंतु दुरुस्तीचे सोंगही असते. २०२० च्या ऑक्टोबरात एका परदेशी कंपनीने जाहीर केले होते की, मुक्तस्रोत साधनांत ४ सुधारणा सुचविणारास एक सदरा भेट मिळेल. झाले! सदऱ्याच्या मोहाने हजारो लोकांनी बऱ्या वाक्यात एखादे निरर्थक विशेषण घुसडून त्यास सुधारणा म्हटले. तपासणारांची दमछाक झाली, आणि अखेर ज्यांनी आपण होऊन संमती दिली असेल अशाच मंडळींकडे सूचना जाव्यात, असा नियम करावा लागला. याच्या उलट डोनाल्ड नूथ या विख्यात संगणकशास्त्रज्ञाची रीत पाहावी. आपल्या ग्रंथातील चूक जो प्रथम दाखवील त्यास ते २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश देत. रक्कम क्षुल्लक; पण कित्येकांनी तो धनादेश न वटविता चौकटीत बसवून भिंतीवर लावला. एके ठिकाणी सदऱ्यासाठी चूक शोधली गेली, दुसऱ्या ठिकाणी चुकीसाठी पैसाही नाकारला गेला.

या कामास फार मोठी विद्या लागत नाही. लागते ती सावकाश वाचण्याची सवय, शंका आल्यास कोश उघडण्याचा कंटाळा नसणे, आणि जे कळले नाही त्याला हात न लावण्याचा संयम. आज्ञेचा शब्द असेल तर तो प्रथम स्वतः यंत्रावर चालवून पाहावा. अर्थाविषयी संशय असेल तर बदल न करता प्रश्न विचारावा. एका सूचनेत एकच दुरुस्ती करावी. ज्या घरात शुद्धलेखनाची वही तपासणारे वडीलधारे आहेत आणि फोन चालविणारी मुले आहेत, त्या घरात हे काम दोघांनी मिळून सहज होण्याजोगे आहे.

जेऊरच्या त्या बागाईतदाराची मुलगी सुटीत घरी आली, असे समजू. फोन उघडत नाही हे पाहून ती कोणास दोष देत बसली नाही. तिने माहितीपत्रातील ते वाक्य शोधले, ‘मिळतो’ पुसून ‘मिळत नाही’ असे लिहिले, खाली कारणाची एक ओळ घातली आणि सूचना पाठविली. वडिलांची पत्रे त्याने परत आली नाहीत. पण उद्या दुसऱ्या कोणा गावी दुसरे कोणी वडील तेच पान वाचतील, आणि परवलीचा शब्द कागदावर लिहून कपाटात जपून ठेवतील. त्यांस त्या मुलीचे नाव कधीही कळणार नाही.