समुद्री गोगलगायीची शिकवणी

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत शेवाळ खाऊन जगणारी एक समुद्री गोगलगाय आहे, अप्लीशिया. तिचा शंख नावापुरता, तोही कातडीखाली दडलेला. डोक्यावर सशाच्या कानांसारखी दोन शिंगं. गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ते हिलाही लागू: डिवचली की जांभळी शाई सोडते.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी. हिच्याकडे जेमतेम २० हजार. पण त्यांतल्या काही इतक्या थोराड, की नुसत्या डोळ्यांनी दिसतात. शिवाय यातल्या कित्येक पेशी प्रत्येक अप्लीशियात नेमक्या त्याच जागी सापडतात.

स्मृतीचा माग काढणाऱ्या एरिक कँडेल यांना हेच हवं होतं. १९२९ साली व्हिएन्नात जन्मलेले कँडेल नाझींमुळे १९३९ मध्ये अमेरिकेत आले, हार्वर्डला इतिहास आणि साहित्य शिकले, आणि मनोविश्लेषक व्हायचं म्हणून डॉक्टर झाले. स्मृतीचा शोध त्यांनी आधी सस्तन प्राण्यांच्या मेंदूत घेतला. गुंता सुटेना. १९६२ मध्ये ते पॅरिसला लादिस्लाव ताउक यांच्याकडे अप्लीशियावर काम करायला गेले, तेव्हा अनेकांनी त्यांना वेड्यात काढलं. गोगलगाय शिकून शिकून काय शिकणार?

बरंच काही. तिच्या पाणी सोडणाऱ्या नळीला स्पर्श केला की ती कल्ला आत ओढते. पुन्हा पुन्हा हलकं टोचलं की ती सरावते, दुर्लक्ष करते. शेपटीला विजेचा झटका दिला, तर मात्र साध्या स्पर्शालाही दचकते. एका झटक्याची धास्ती काही मिनिटं टिकते. तेच झटके अंतराअंतराने चार-पाच दिले, तर कित्येक दिवस. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडणाऱ्यांनी इथे कान टवकारावेत.

हा फरक पेशींमध्ये दिसला. एका झटक्याने सेरोटोनिन हे रसायन सुटतं आणि दोन चेतापेशींमधला जुनाच सांधा, म्हणजे सिनॅप्स, तात्पुरता बळकट होतो. वारंवार झटक्यांनी संदेश पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचतो, जनुकं जागी होतात, नवी प्रथिनं बनतात आणि नवे सांधे फुटतात. क्रेग बेली आणि मेरी चेन या संशोधकांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली चक्क मोजले: एका संवेदी पेशीवर सुमारे १३०० असलेले सांधे शिकवणीनंतर दुपटीच्या घरात गेले. दीर्घकाळ सरावलेल्या गोगलगायींत ते घटले. शिकण्याने मेंदूची घडणच बदलते, याचा इतका रोखठोक पुरावा क्वचितच मिळतो. २००० साली कँडेल नोबेलचे एक मानकरी ठरले.

२०१८ मध्ये संशोधक डेव्हिड ग्लान्झमन यांनी झटके खाल्लेल्या अप्लीशियांचं आरएनए, म्हणजे केंद्रकातल्या जनुकांवरून उतरवलेले रेणू, काढून न शिकलेल्यांना टोचलं, आणि त्याही जास्त वेळ आकसून राहू लागल्या. प्रयोग चटकदार खरा. पण ही सरसकट धास्ती आहे, एखाद्या नेमक्या घटनेची आठवण नव्हे, हा आक्षेप वजनदार आहे. ग्लान्झमन यांच्या मते मात्र स्मृतीचा मूळ ठेवा केंद्रकात असावा. तसं असेल, तर बेली आणि चेन यांनी मोजलेले सांधे स्मृतीचा परिणाम ठरतील, तिचा साठा नव्हे.